मालनच्या सोबतीला

दर वर्षी एक जूनला सकाळपासून शालन ढोबळेचा फोन वाजत राहायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा! त्यातली गंमत अशी, की फोन करणाऱ्या निम्म्या लोकांना तिलाही लगोलग 'तुम्हालाही' म्हणावं लागायचं. उमरगा तालुक्यातल्या तिच्या खेड्यात माने गुरुजी शाळेत नाव घालताना पोराच्या तोंडाकडे बघत, उंचीचा अंदाज घेत आणि जन्मतारीख लिहून टाकत, एक जून. वर्ष तेवढं हिशेबाने मागेपुढे. घरच्यांना तरी कुठे तारीख ठाऊक असायची! त्यामुळे अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. पुढे आधार आलं, पॅन आलं, आरोग्यपत्र आलं आणि गुरुजींचा अंदाज काळ्या दगडावरची रेघ होऊन बसला.

२०४१ सालचा एक जून मात्र शालनने सोलापुरातल्या एका मोठ्या इस्पितळात काढला, एका पडद्यासमोर. पडद्यावर आधी रंगीत फुगे उडाले, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, शालन ढोबळे' अशी अक्षरं आली, आणि उडत्या फुग्यांखाली आकडा उमटला. एकतीस.

"शंभरात एकतीस," डॉ. आरिफ तांबोळी म्हणाले. "तुमच्यासारख्या शंभर रुग्णांपैकी एकतीस जण पाच वर्षांनी आपल्यात असतील, असा या यंत्राचा अंदाज आहे." मग ते फुगे बंद करायचं बटण शोधू लागले. ते काही त्यांना सापडलं नाही.

शालन म्हणजे धाराशिवची खो-खोवाली शालनताई. लग्न केलं नाही, मैदान केलं. तिच्या हाताखालच्या पोरी रेल्वेत लागल्या, पोलिसात लागल्या, दोघी तर देशाकडून खेळल्या. तिचा आवाज हे त्या मैदानाचं पाचवं कुंपण होतं असं लोक म्हणत. पंचाची शिट्टी एक वेळ गर्दीत हरवेल, पण शालनताईची हाक या खांबापासून त्या खांबापर्यंत स्वच्छ पोचायची. तो आवाज मार्चपासून बसायला लागला. तिने धुळीला दोष दिला, ज्येष्ठमध चघळला, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. शेवटी प्रांजलने एका सकाळी तिच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, हे काय आहे?"

प्रांजल ही मालनची मुलगी, आणि मालन शालनची थोरली बहीण. आठ वर्षांपूर्वी मालन याच दुखण्याने गेली होती, थायरॉइडच्या कॅन्सरने, कळल्यापासून जेमतेम वर्षभरात. वडील आधीच गेलेले. तेव्हापासून प्रांजल मावशीकडेच वाढली, शिकली, पुलांची इंजिनियर झाली.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून बसलेली छोटीशी ग्रंथी. तिच्या कॅन्सरचं एक बरं असतं, तो बहुतेकांचा बरा होतो. पण सगळ्यांचा नाही, आणि कोणाचा नाही हे आधी ओळखणं हा डॉक्टरांचा जुना पेच. त्यासाठी ते काही गोष्टी पाहत आले होते. गाठ केवढी आहे, ती ग्रंथीचं आवरण फोडून आजूबाजूच्या स्नायूंत शिरली का, फुप्फुसात किंवा हाडांत गेली का. पेशी कुठल्या जातीच्या आहेत. आयोडीन ओढून घेण्याचा मूळचा गुण त्यांच्यात शिल्लक आहे का, कारण तो असेल तर किरणोत्सारी आयोडीन पाजून उरल्यासुरल्या पेशी आतल्या आत मारता येतात. आणि वय! कॅन्सरच्या दुनियेत वयाला इतका मान दुसरीकडे क्वचितच मिळतो. अगदी तीच गाठ, तेवढीच पसरलेली, तिशीतल्या बाईला झाली तर डॉक्टर निवांत, आणि साठीतल्या बाईला झाली तर त्यांच्या कपाळाला आठ्या. जुन्या तक्त्यांत पंचावन्न वर्षं ही वेसच आखलेली होती. वेशीच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा.

'आयुर्मान' या यंत्राने ते तक्ते मोडीत काढले. त्याने लाखो रुग्णांच्या फायली वाचल्या होत्या. त्याला वेस-बीस मान्य नव्हती, ते वयाचा हळूहळू उतार काढायचं, गाठीतल्या जनुकांचे बदल वाचायचं आणि समोरच्या रुग्णाशी सगळ्यांत जास्त जुळणारे जुने रुग्ण शोधून त्यांचं पुढे काय झालं ते बघायचं. नात्यातल्या कोणाला हाच आजार झालेला असेल तर त्याचीही फाईल ते आपणहून ओढून आणी. नातं जितकं जवळचं, तितकं त्या फायलीला वजन जास्त. त्याचे अंदाज इतके बरोबर येत, की चार वर्षांत डॉक्टर मंडळी त्याच्याशी वाद घालायचं विसरून गेली होती.

"गाठ मोठी आहे, बाजूच्या स्नायूला लागलेली आहे," डॉ. तांबोळी सांगत होते. "वय छप्पन्न. आणि त्यात बहिणीचा इतिहास."

"मालनचा."

"हो. यंत्राच्या मते तुमचा आजार त्यांच्याच वाटेने जाईल. म्हणून ते म्हणतंय की हातचं काही राखू नका. ग्रंथी काढा, स्नायू काढा, आणि गाठीच्या बाजूला स्वरयंत्राकडे जाणारी नस आहे, तीही काढा. तिच्यावर एक पेशी राहिली तरी धोका."

"नस काढली तर आवाज?"

"कुजबुजीएवढा राहील, ताई."

मालनच्याच वाटेने जायचं तर विचारायचं काय! ती वाट शालनने एकदा पायी तुडवली होती.

*

प्रांजलला जुलैमध्ये गुवाहाटीला रुजू व्हायचं होतं. ब्रह्मपुत्रेवर नवा पूल होत होता आणि एवढ्या जणांतून तिची निवड झाली होती. शालनने मैदानावर पेढे वाटले होते. सोलापूरहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रांजल स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "मी गुवाहाटीला कळवलंय. येत नाही म्हणून."

"कुणाला विचारून?"

"मावशी, एकतीस आकडा आहे."

"एकतीस माझा आहे. त्यात तुझा पूल कशाला पाडतेस?"

"आईच्या वेळी मी परीक्षेला गेले होते." प्रांजलने भाकरी तव्यावर टाकली आणि पाठमोरीच राहिली. "तूच पाठवलंस. 'जा, काही होत नाही' म्हणालीस. परत आले तर घरात माणसं जमलेली. या वेळी मी जागची हलणार नाही."

तिने पाठवलं होतं हे खरंच होतं. गुवाहाटीचे साहेब भले होते, त्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा रिकामी ठेवतो असं उलट कळवलं, पण प्रांजलने तो निरोप वाचून फोन पालथा ठेवला.

गावाला बातमी कळायला किती वेळ लागतो! दोन दिवसांत लोक शालनशी देवळात बोलतात तसं हलक्या आवाजात बोलू लागले. जो भाजीवाला घासाघीस करून तिच्याकडून पाच रुपये जास्तच काढायचा, त्याने कोथिंबिरीची जुडी फुकट पिशवीत घातली. क्रीडा मंडळाचे सचिव काटकर, जे वीस वर्षं तिला मैदानावरच्या दिव्यांसाठी हेलपाटे घालायला लावत होते, ते घरी येऊन 'जीवनगौरव पुरस्कार' देतो म्हणाले.

"कधी?" शालनने विचारलं.

"लवकरात लवकर," काटकर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून गोरेमोरे झाले.

शालन हसली, पण ते हसू घशाखाली उतरलं नाही. कारण तीही हळूहळू त्या आकड्याच्या आत राहायला गेली होती. मालनचा आधी आवाज गेला, मग गिळायला त्रास, मग उताणं झोपलं की धाप. शालन रोज स्वतःमध्ये पुढची पायरी शोधायची. पाण्याचा घोट जरा अडकला की मनात नोंद व्हायची, हं, आलं. कपाटातून तिने मालनची तपकिरी शाल काढली आणि भर उन्हाळ्यात मांडीवर घेऊन बसू लागली. भीती वाटत होती हे तर खरंच, पण भीतीच्या खाली आणखीही काहीतरी होतं. मालनच्याच मागे जायचंय म्हटल्यावर कुठेतरी बरंही वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

लहानपणापासून असंच होतं. मालन सात वर्षांची झाली तरी शाळेत एकटी जाईना, वेशीपासून रडत परत यायची. मग आईने चार वर्षांच्या शालनलाही बरोबर धाडलं, मालनच्या सोबतीला. गुरुजींनाही पटावर पोरं हवीच होती, पट घसरला की दुसऱ्या मास्तरची जागा जायची. त्यांनी दोघींची नावं एका दमात घालून टाकली. तिथपासून दहावीपर्यंत दोघी एका बाकावर. मालनला सोबत लागायची आणि शालन ती द्यायची, यात कोणाला कधी काही विशेष वाटलं नाही.

*

शस्त्रक्रियेला दहा-बारा दिवस होते. शालन मैदानावर जायची, पण खुर्चीवर बसून राहायची. त्या संध्याकाळी तिच्या मुली लातूरच्या संघाकडून सराव सामना हरल्या. कर्णधार ईश्वरी घाम पुसत आली आणि म्हणाली, "जाऊ द्या ताई, त्यांचा संघच भारी आहे. आपण हरणारच होतो."

शालनचं डोकं सणकलं. आवाज फाटका होता तरी ती उठून उभी राहिली.

"हरणारच होतो? फलकावर आकडा दिसला म्हणून? आकडा सांगतो तुम्ही हरलात. कुठं हरलात ते सांगतो का? कोणत्या खांबाला वळताना गडी सुटला, कुणाचा खो अर्धवट गेला, फुकटचे गुण कुठले दिले, हे कोण बघणार? लावा तो व्हिडिओ!"

मुलींनी मुकाट्याने व्हिडिओ लावला. अर्ध्या तासात सापडलं, निम्मे गुण एकाच चुकीपायी गेले होते. दुसऱ्या डावात पंचांनी एक गुण भलत्याच संघाच्या नावावर चढवला होता आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ईश्वरी जीभ चावून हसली. शालन मात्र हसली नाही. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. मग तिने प्रांजलला फोन लावला.

"डॉक्टरांची वेळ घे. मला माझा सामना बघायचाय."

*

"फोड करून दाखवा," ती डॉ. तांबोळींना म्हणाली. "शंभरातले एकोणसत्तर गेले ना माझे? कशापायी किती गेले ते एकेक करून दाखवा."

असं रुग्ण फारसं विचारत नसत. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि यंत्राकडून सगळा तपशील मागवला. पडद्यावर आडव्या पट्ट्या आल्या, हिरव्या तारणाऱ्या, लाल मारणाऱ्या. प्रांजल मावशीच्या खांद्यावरून बघू लागली.

"हे वय. थोडे गेले. ही गाठीची लांबी-रुंदी. हे स्नायूत शिरणं, इथे जरा जास्त गेले. फुप्फुसं स्वच्छ आहेत, ते तुमच्या बाजूने. मानेतल्या दोन गाठींत आहे, पण त्याचं लोक समजतात तेवढं वाईट नसतं. आयोडीन ओढण्याचा गुण आहे, हेही हिरवं. जनुकातला पहिला बदल सापडलाय, तो बऱ्याच जणांत असतो. आणि दुसरा बदल..." सगळ्यांत लांब लाल पट्टी तिथे होती. "हा खरा वाईट. पहिल्याबरोबर हा असला की गाठ एकदम पिसाळते."

"तो सापडलाय माझ्यात?"

डॉक्टरांनी पडदा वर-खाली सरकवून पाहिला. "नाही. तुमच्या तपासणीत नाही."

"मग न झालेल्या फाऊलचे गुण कसे कापले?"

डॉ. तांबोळींनी चष्मा वर केला आणि त्या पट्टीवर बोट ठेवलं. तिच्या पोटातून आणखी ओळी उलगडल्या. ते मोठ्याने वाचू लागले. "दुसरा बदल अद्याप आढळला नाही, परंतु लवकरच होणं अपेक्षित. कारण, रुग्णाच्या एकरूप जुळ्या बहिणीचा याच आजाराने अकरा महिन्यांत..."

"कुणाच्या?" शालन म्हणाली.

"जुळ्या बहिणीचा. मालनताईंचा."

मग शालनला हसू फुटलं. ती इतकी हसली की गळा दुखायला लागला, एका हाताने गळा धरून ती दुसऱ्या हाताने टेबलावर थापा मारत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अहो डॉक्टर, मालन माझी जुळी कुठली! तीन वर्षांनी मोठी होती ती माझ्याहून!"

"पण दोघींची जन्मतारीख एकच आहे. एक जून एकोणीसशे..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांचा हात आपोआप कपाळावर गेला. "या अल्लाह. एक जून."

"गुरुजींनी एका दमात घातली नावं."

"माझ्या अब्बांचा वाढदिवसही एक जून," डॉ. तांबोळी म्हणाले. "आणि दोन्ही काकांचा. आम्ही दर वर्षी एकच केक आणतो बार्शीला. आणि मी इथे बसून..."

तिघांनाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ती आली नव्हती! यंत्राचा तरी काय दोष? आई तीच, वडील तेच, जन्मगाव तेच, जन्मदिवस तोच. जगातल्या कुठल्याही शहाण्या यंत्राने यांना जुळ्याच म्हटलं असतं. मालन जिल्ह्याच्या गावी वारली, तिची जनुकं कोणी तपासलीच नव्हती. मग यंत्राने शालनची जनुकं उचलून मालनला लावली, मालनचं मरण उचलून शालनला लावलं, आणि दोन्ही बाजूंनी हिशेब चोख जमवला.

"तीन वर्षांपूर्वी एक शोधनिबंध आला होता," डॉक्टर खजील होऊन म्हणाले. "मराठवाड्यात जुळ्यांचं प्रमाण जगात सगळ्यांत जास्त, असा. ज्वारी आणि शेंगदाण्याचा परिणाम असावा असं त्यात म्हटलं होतं."

"कुणी लिहिला?" प्रांजलने विचारलं.

"बरेच जण होते. सहावं नाव माझं आहे."

हसणं ओसरल्यावर ते पुन्हा डॉक्टर झाले. नुसत्या तोंडी सांगण्यावर एवढी मोठी गोष्ट पुसता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बहिणी तीन वर्षांच्या अंतराने झाल्या तरी दोघींची गाठ एकाच स्वभावाची निघू शकते. ते ठरवायचा मार्ग एकच. मालनच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत घालून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असणार, तसा तो ठेवतातच. तो मागवून त्यातली जनुकं वाचायची. त्यासाठी मुलीची संमती हवी. आणि यंत्राला आधी कळवायला हवं, की हे नातं आम्हाला मान्य नाही.

प्रांजलने संमती दिली. पडद्यावर चौकट उघडली. 'नातं: जुळी बहीण. रद्द करायचं?' खाली अंगठा ठेवायची जागा.

शालनचा अंगठा हवेतच राहिला.

"ठेव ना मावशी," प्रांजल म्हणाली.

"आईने मला शाळेत धाडलं तिच्या सोबतीला," शालन हळू म्हणाली. "आता हे यंत्र मला वर धाडायला निघालं होतं, तिच्याच सोबतीला. आणि तुला खरं सांगू? मी निघालेही होते गं. तयारी केली होती. आता 'आम्ही जुळ्या नाही' म्हणून अंगठा द्यायचा म्हणजे... वेशीपाशी तिचा हात सोडल्यासारखं वाटतंय. एकटी रडायची ती."

प्रांजलचे डोळे भरून आले. तिने मावशीचं मनगट धरलं, ओढलं नाही, नुसतं धरलं.

"आई एकटी नव्हती. शेवटच्या दिवशी मी नव्हते, पण तू होतीस. तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलंय मला. तुझी सोबत पुरी झाली, मावशी. आता तुझा डाव तू खेळ."

शालनने नाक पुसलं आणि अंगठा टेकवला.

*

मेणाची वडी आली, तपासणी झाली. तो आठवडा शालनने मैदानावर काढला, खुर्ची बाजूला सारून. शाल तिने धुऊन, घडी घालून पुन्हा कपाटात ठेवली.

निकाल सांगताना डॉ. तांबोळींना आवाजातला आनंद लपवता येईना. सख्ख्या बहिणींची जुळतात तेवढीच दोघींची जनुकं जुळत होती, निम्मी. मालनच्या गाठीत तो दुसरा वाईट बदल ठळक होता. शालनच्या गाठीत त्याचा मागमूसही नव्हता, आणि मालनच्या पेशी जे केव्हाच विसरल्या होत्या ते आयोडीन ओढणं शालनच्या पेशींना अजून येत होतं. दोन बहिणी, दोन वेगळे आजार, नाव तेवढं एक.

"आता खरं वय सांगा. कागदावरचं नको."

"भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते," शालन म्हणाली. किल्लारीचा भूकंप तिच्या गावाने कुठे विसरायचा! "आणि माझा पुढचा पहिला दात हलत होता. वर्गातल्या बाकीच्या पोरांचे पडून नवे आलेले, मला सगळी चिडवायची. त्या पहाटे आईने मला उचलून बाहेर पळवलं त्या गडबडीत तो पडला."

"पहिला दात म्हणजे त्र्याण्णव साली सहा." डॉक्टरांनी बोटं मोजली. "म्हणजे आज चोपन्न. जुना तक्ता असता तर वेशीच्या अलीकडे आलात म्हणून पार्टीच मागितली असती. यंत्र दोन वर्षांचे थोडेसेच गुण देतं."

"थोडे तर थोडे, घ्या."

या वेळी पडद्यावर फुगे आले नाहीत. नुसता आकडा आला. चौऱ्याऐंशी.

प्रांजलने मावशीला मिठी मारली. शालन मात्र पडद्याकडे बघत होती. "आणि उरलेले सोळा?"

"ते खरे आहेत, ताई. गाठ स्नायूत शिरलेली आहे, ते मी पुसू शकत नाही. पण ते तुमच्या गाठीचे सोळा आहेत. मालनताईंचे नाहीत."

"मग चालतील. स्वतःच्या चुकीचे गुण गेले तर मी कधी भांडत नाही. आवाजाचं बोला."

"नस आता मुद्दाम कापायचं कारण उरलं नाही. गाठ तिला चिकटली असेल तर मी सोलून वेगळी करायचा प्रयत्न करीन. उरलेल्या पेशींना आयोडीन बघून घेईल. पण आत गेल्यावर नस पुरती गुंतलेली दिसली, तर मात्र कापावी लागेल. शब्द देत नाही."

"शब्द नका देऊ. नीट खेळा म्हणजे झालं," शालन म्हणाली.

तिकडे आयुर्मान सांभाळणाऱ्या चमूने डॉक्टरांचा निरोप मिळताच सगळ्या राज्याच्या फायली उपसायला घेतल्या. एक जूनला जन्मलेली जुळी, तिळी, एका गावात तर एकाच आईची एकाच दिवशी झालेली पाच मुलं! हजारो भावंडं आठवड्याभरात एकमेकांपासून सुटी झाली, आणि त्यांच्यापैकी जे आजारी होते त्यांचे आकडे आपापल्या जागी गेले. काहींचे वाढले, काहींचे घटलेही. ज्वारी आणि शेंगदाण्यावरचा तो निबंध गुपचूप मागे घेण्यात आला. डॉ. तांबोळींनी मात्र तो आपल्या खोलीत चौकटीत लावला.

*

शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा बरीच लांबली. प्रांजल बाहेर बाकावर बसून होती. शालनला चाकाच्या खाटेवरून बाहेर आणलं तेव्हा तिच्या गळ्यावर पांढरी पट्टी होती आणि डोळे मिटलेले. मागोमाग आलेले डॉ. तांबोळी इतके दमले होते की भिंतीला टेकून उभे राहिले.

"गाठ पूर्ण निघाली," ते म्हणाले. "नस सोलली. तुटली नाही, पण दुखावली असेल तर आज कळणार नाही. त्या बोलेपर्यंत मलाही माहीत नाही. लगेच बोलायचा आग्रह करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाची तिरीप खाटेवर आली तरी शालन गप्पच होती. जागी होती, बघत होती, पण तोंड उघडत नव्हती. आपला आवाज आहे की गेला हे कळण्याचा क्षण ती पुढे ढकलत होती, आणि प्रांजलला ते समजत होतं. प्रांजल खाटेच्या कडेवर तिच्याकडे पाठ करून बसली होती आणि खिडकीकडे तोंड करून संत्रं सोलत होती. तिचा फोन उशाशी थरथरला. गुवाहाटीहून निरोप होता. महिना संपत आलाय, जागेचं काय करू?

शालनने तो वाचला. प्रांजलने वळून बघितलं, निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"राहू दे ते. तू बरी हो आधी," ती म्हणाली आणि पुन्हा संत्र्याकडे वळली. "मी इथेच बसलेय."

शालन तिच्या पाठीकडे बघत राहिली. या पाठीला तिने, मालन होती तेव्हाच, सहाव्या वर्षापासून मैदानावर शिकवलं होतं. ओळीत बसायचं तर पावलांवर, टाचा उचलून, कारण पाठीवर हात कधी पडेल सांगता येत नाही, आणि तो पडला की विचार करत बसायचं नसतं.

तिने सुई टोचलेला हात उचलला. तो जड झाला होता, पण पोचला. प्रांजलच्या दोन खांद्यांच्या मधोमध तिने तळवा टेकवला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला.

"खो!"

आवाज खरखरीत होता, फुटका होता, पण आवाज होता. कुजबूज नव्हती. दारातली नर्स दचकून मागे वळली, आणि व्हरांड्यातून डॉ. तांबोळी पायातल्या सपाता सोडून धावत आले.

प्रांजलच्या हातातलं संत्रं खाली पडलं. विचार करायच्या आधीच ती उठून उभी राहिली होती. मग आपण उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि ती रडत रडत हसायला लागली.

"मावशी, हे फसवणं झालं!"

शालनने मान हलवायचा प्रयत्न केला, गळा दुखला म्हणून नुसतं बोट हलवलं, नाही, पंचांना विचार. मग उशाशी पालथा पडलेला फोन सुलटा करून तिने तो प्रांजलच्या हातात दिला. खो देणारीने उठलेल्या गड्याची जागा घ्यायची असते. शालन कोपरावर जोर देत सरकली, प्रांजलने रिकाम्या केलेल्या कडेवर पाय सोडून नीट बसली, आणि तिला जाताना बघायला तयार झाली.